बरं आहे ना?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी इथं यायला घरातून निघाले. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मला चार जणींनी विचारलं, "कुठं निघाला, ताई?" मी चौघींनाही एकच उत्तर दिलं, "आले जाऊन जरा." आता हे काय उत्तर झालं का? कुठं चालले ते मी सांगितलंच नाही. पण चौघींपैकी एकीचंही समाधान झालं नाही असं झालं नाही. "या या," म्हणाल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. कारण त्यांना कुठं ते जाणून घ्यायचंच नव्हतं. तू दिसलीस, मी तुला पाहिलं, आपलं काही भांडण नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मीही तेवढंच सांगितलं.

आपल्या रोजच्या बोलण्यात अशी ठरलेली वाक्यं किती आहेत, त्यांवर आज बोलायचं आहे. नाटकात कसं, एकानं एक वाक्य म्हटलं की दुसऱ्याचं ठरलेलं वाक्य येतं. तसंच हे. फक्त आपल्याला कुणी पाठ करून घेतलेलं नसतं, आईच्या कडेवर असल्यापासून ऐकून ऐकून येतं.

ज्यांना ते येत नाही, त्यांची कशी फजिती होते बघा. आमच्याकडं गटांची तपासणी करायला एकदा बँकेचे एक तरुण अधिकारी आले होते. परराज्यातून नुकतेच बदलून आलेले, मराठी थोडं थोडं शिकत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. गटाच्या अध्यक्षा मावशी सवयीनं म्हणाल्या, "जेवण झालं का साहेब?" साहेब सरळ मनाचे. म्हणाले, "नाही झालं." झालं! मावशी ताडकन उठल्या, सून चुलीकडं पळाली, कुणीतरी पिठाचा डबा काढला. साहेबांना कळेना आपण काय मागितलं. रजिस्टर तपासायचं राहिलं बाजूला, दीड तास पिठलं-भाकरीत गेला. परत जाताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "इथले लोक मला रोज विचारतात, कुठं चाललात, जेवलात का. माझ्यावर लक्ष ठेवतात का?" मी म्हटलं, साहेब, लक्ष ठेवतात हे खरं, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. "जेवण झालं का"चं उत्तर "झालं" हेच. पोटात कावळे ओरडत असले तरी "झालं". "नाही" म्हटलं की समोरच्यावर जेवू घालायची जबाबदारी येते.

बी.ए.ला मला समाजशास्त्र होतं. त्यात मॅलिनोव्हस्की नावाच्या अभ्यासकाचं नाव होतं. पोलंडमध्ये जन्मलेला हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन तिथल्या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. १९२३ साली त्यानं एका लेखात लिहिलं, की माणसं बरंचसं बोलतात ते काही सांगण्यासाठी नव्हे, तर एकमेकांशी नातं जोडून ठेवण्यासाठी. जो गप्प राहतो त्याची लोकांना भीती वाटते, म्हणून काहीतरी बोलायचं. परीक्षेत मी हे पाच गुणांसाठी लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. आमच्या आजीला त्याचं नावही माहीत नव्हतं, पण ती म्हणायची, "माणूस दिसला की तोंड उघडावं." मला वाटतं, दोघांचं म्हणणं एकच.

आता चहाचं घ्या. कुणाच्या घरी गेलं की त्या म्हणणार, "च्या ठेवते." आपण म्हणायचं, "नको, आत्ताच झाला." त्या म्हणणार, "घोटभर घ्या की." आपण म्हणायचं, "खरंच नको हो." मग त्या म्हणणार, "असं कसं, आमच्या घरचा चालत नाही का?" मग आपण घ्यायचा. दोनदा नको, तिसऱ्यांदा बरं. पहिल्याच वेळी "ठेवा" म्हणणारी बाई हावरी, आणि तिसऱ्यांदाही "नको" म्हणणारी माजोरी. मी गावोगाव फिरते, कधी कधी दिवसाला अकरा-अकरा कप चहा होतो, पित्त खवळतं, पण तिसरं "नको" माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही.

निघतानाही तसंच. आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. लहानपणी "जाते" म्हटलं म्हणून मी आजीचा धपाटा खाल्लाय. बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. आणि घरच्या माणसाला कुणी "धन्यवाद" म्हणत नाही. माझी भाची शहरात इंग्रजी शाळेत शिकते. ती सुट्टीत आली, आजीनं तिला लाडू दिला, ती "थँक्यू आजी" म्हणाली. आजीला वाटलं पोरगी रागावली. दिवसभर विचारत होती, "हिला काय झालंय?"

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. पण हीच ठरलेली बोलणी आपल्याकडून काय काय करून घेतात, तेही बोलायला हवं.

एसटीत शेजारी बाई बसली की पहिला प्रश्न, "कोणचं गाव?" दुसरा, "आडनाव काय म्हणायचं?" एकच आडनाव आपल्याकडं चार-चार जातींत असतं, त्यामुळं त्यावरून उलगडा झाला नाही, तर तिसरा प्रश्न येतो, "गावात घर कुठल्या आळीला?" ज्या बाईला कधी काही सोसावं लागलेलं नाही, तिला हे तीन प्रश्न म्हणजे साध्या गप्पा वाटतात. पण आमच्या एका गटातली मैत्रीण मला म्हणाली, "ताई, पहिल्या प्रश्नालाच माझ्या पोटात गोळा येतो. कारण तिसऱ्या प्रश्नानंतर काय होणार, ते मला माहीत असतं. बाई आपली पिशवी जवळ ओढून घेणार." ती आपल्या वस्तीत "जय भीम" म्हणते आणि एसटीत "नमस्कार". मी तिच्याबरोबर कितीदा तरी प्रवास केला, आणि मीही लोकांना आडनाव विचारत आले. मला कधी हे सुचलंच नव्हतं, याची लाज वाटली.

संक्रांतीच्या दिवसांत पाहा. चार बायका ओट्यावर बसलेल्या असतात, पाचवी येते आणि म्हणते, "या हं सगळ्या हळदीकुंकवाला." "सगळ्या" म्हणताना तिची नजर एकीवरून घसरत पुढं जाते. त्या एकीचा नवरा गेलेला असतो. शब्दात कुणी कुणाला वगळलेलं नसतं, पण तिला बरोबर कळतं की "सगळ्या"त आपण नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आमच्या प्रशिक्षणात ते परिपत्रक आम्ही वाचून दाखवतो. सगळ्या टाळ्या वाजवतात. पण ती घसरणारी नजर कुठल्या परिपत्रकानं धरायची?

आता माझी चूक सांगते. तेवढ्यासाठीच खरं म्हणजे हा विषय घेतला.

आमच्या एका गटात अकरा जणी आहेत. महिन्याला शंभर रुपये बचत. बैठकीला गोल करून बसतो, मी एकेकीचं नाव घेते, ती पैसे ठेवते, मी लिहिते, आणि लिहिता लिहिता विचारते, "बरं आहे ना?" ती म्हणते, "बरंय की." मग पुढची. हे मी सात वर्षं करते आहे. मला वाटायचं, मी किती आपुलकीनं चौकशी करते.

त्यातल्या एक ताई. नाव सांगत नाही. हसतमुख बाई, बचत कधी चुकली नाही, सह्या वेळच्या वेळी. माझ्या डोक्यात त्या "काळजी नसलेल्या" बायकांत बसलेल्या होत्या. एका महिन्यात मी विचारलं, "बरं आहे ना?" तर त्या म्हणाल्या, "चाललंय." पुढच्या महिन्यात म्हणाल्या, "चालायचंच." मी लिहीत होते. मान वर केली नाही.

मैत्रिणींनो, "बरंय", "चाललंय" आणि "चालायचंच" यांत किती अंतर आहे हे मराठी बाईला सांगायला नको. "बरंय" म्हणजे खरंच बरं असेल किंवा नसेल. "चाललंय" म्हणजे ओढून नेतेय. आणि "चालायचंच" म्हणजे विचारू नका, किंवा विचारा, पण नीट विचारा. त्या बाईनं सगळ्यांच्या देखत, ठरलेल्या वाक्याच्या आतच राहून, मला दोनदा सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात त्या बैठकीला आल्याच नाहीत. शंभर रुपये जावेबरोबर पाठवले होते. मी परत जाता जाता त्यांच्या घरी डोकावले. दारातच होत्या, गहू निवडत. "या ताई, बसा," म्हणाल्या. मी बसले. जरा वेळानं म्हणाल्या, "च्या घेणार का?"

बघा हं. एरवी त्या "च्या ठेवते" म्हणायच्या. त्या दिवशी "घेणार का?" मी आपली सवयीनं म्हटलं, "नको, आत्ताच झाला." आणि त्या गप्प राहिल्या. "घोटभर घ्या की" आलंच नाही. मी माझं दुसरं "नको" तोंडात घेऊन बसलेली, आणि समोरून काहीच नाही. तेव्हा कुठं मी मान वर करून बघितलं. समोर शेळ्यांचा गोठा होता. चार शेळ्या असायच्या, दावी तेवढी राहिली होती. मी विचारलं, "शेळ्या कुठं गेल्या?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि अर्धा-पाऊण तास त्या बोलल्या.

मालक बांधकामावरून पडले होते, पाठीला मार लागला होता, पाच महिने घरी होते. दवाखान्यासाठी त्यांनी एका फायनान्सवाल्यांचं तीस हजार कर्ज घेतलं. त्याचा हप्ता भरायला दुसऱ्यांचं घेतलं. दुसऱ्याचा भरायला तिसऱ्यांचं. सोमवारी एक हप्ता, बुधवारी एक, शुक्रवारी एक. शेळ्या गेल्या, कानातलं गेलं. गटाची बचत चुकायला नको म्हणून शंभर रुपये जावेकडून उसने घेत होत्या. घरात दूध यायचं बंद झालं होतं, म्हणून चहाचा आग्रह करता आला नाही.

मी म्हटलं, "ताई, एवढं झालं, मला सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच न्हाई."

"अहो, दर महिन्याला विचारत होते की."

"ते विचारणं तसलं न्हवं," त्या म्हणाल्या.

खरंच आहे. "बरं आहे ना?" मधला तो शेवटचा "ना" बघा. प्रश्न विचारायच्या आधीच तो उत्तर सांगून मोकळा होतो. "जेवलीस ना?" "औषध घेतलंस ना?" "सासरी सुखात आहेस ना?" माहेरी आलेल्या लेकीला आई असं विचारते आणि लेक "हो" म्हणते, कारण "नाही" म्हणायला त्या वाक्यात जागाच ठेवलेली नसते. आईलाही "नाही" ऐकायची भीती असते, म्हणून ती "ना" लावते. मी "ना" लावत होते, कारण बैठक तासात उरकून मला पुढचं गाव गाठायचं होतं. आणि वर अकरा जणींसमोर विचारत होते. अकरा जणींसमोर कोण सांगेल, घरात दूध नाही म्हणून?

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला रुखरुख लागेल. त्या तयार झाल्या तेव्हा पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः विषय काढला. गटाच्या जमलेल्या रकमेतून पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज द्यायचा ठराव झाला, शेकडा एक रुपया महिना व्याजानं. त्यातून सगळ्यांत जाचक होतं ते एक कर्ज मिटवलं. दोन हप्ते चालूच राहिले, ते काही जादूनं गेले नाहीत. मालक आता हलकं काम करतात. आणि त्या दिवशी बैठकीत अजून दोघींनी सांगितलं, की त्यांच्याही दारात असेच हप्तेवाले येतात. सात वर्षं माझ्या रजिस्टरमध्ये त्या "बरंय की" होत्या.

आता मी काय करते? फार काही नाही. बैठकीला पंधरा मिनिटं आधी जाते. कुणी शेंगा फोडत असेल तर मीही चार फोडते. बायका समोरासमोर बसून बोलत नाहीत, हात कामात असले आणि डोळे दुसरीकडं असले की बोलतात. आणि दिसेल त्याबद्दल विचारते. शेळी, छप्पर, पोराची शाळा, पायाची भेग. सगळ्याच सांगतात असं नाही. काही जणी "बरंय की"च म्हणतात, आणि तोही त्यांचा हक्क आहे. कुणाच्या घरातलं उकरून काढायला मला कुणी नेमलेलं नाही. ठरलेलं वाक्य म्हणजे दार पण आहे, ते लोटून घ्यायची सोय पण हवी.

हे मी का सांगते, तर मलाही ते दार लागतं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. नव्या गावात गेलं की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला, "मुलं किती?" आधी मी "अजून नाही" म्हणायचे. तो "अजून" फार वाईट शब्द. त्याच्यामागून लगेच येतं, "अमक्या डॉक्टरांना दाखवलं का, तमक्या देवाला गेलात का, आमच्या नणंदेला चौदा वर्षांनी झालं." विचारणाऱ्यांचं मन वाईट नसतं. त्यांना वाक्य संपवता येत नाही, एवढंच. मग मी "अजून" टाकून दिला. "नाहीत," म्हणते आणि थांबते. मग समोरची घाबरते, इकडंतिकडं बघते, पावसाचा विषय काढते.

एकदा फक्त एका आजीनं तसं केलं नाही. डोंगराकडच्या वाडीवर गेले होते, तिथल्या. "मुलं किती?" "नाहीत." आजी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मग हे असं दिसभर हिंडतीस, दुपारचं खातीस काय?" मी म्हटलं, "डबा असतो." म्हणाली, "दाव." त्या दिवशी डबा नव्हता, मी खोटंच बोलले होते. तिनं बाजरीची भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधून दिला. एसटीत खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. खर्डा तिखट होता, हेही खरं.

वेळ संपत आलेली दिसते, आमच्या ताई काचेपलीकडून खूण करताहेत.

त्या गहू निवडणाऱ्या ताईंकडं मागच्या महिन्यात गेले होते. दावणीला एक शेळी आहे आता, गाभण. मी ओट्यावर बसायच्या आत आतून आवाज आला, "च्या ठेवते." मी म्हटलं, "नको, आत्ताच झाला." त्या म्हणाल्या, "घोटभर घ्या की." मी म्हटलं, "खरंच नको हो." त्यावर त्या म्हणाल्या, "गप बसा."

येते हं, मैत्रिणींनो.